पाद्रीबुवा बदलले आहेत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार उभ्याउभ्याच केला, पण तू साष्टांगच समज.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात तू ‘ठीक आहेत’ एवढंच लिहिलं होतंस. माणसाला काही लपवायचं असलं की तो ‘ठीक’ म्हणतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. आम्ही इकडे ठीक आहोत.

हे पाकीट मी तीन जागी डिंकाने चिकटवणार आहे आणि प्रत्येक जोडावर आडवी सही करणार आहे. एकही सही फाटलेली किंवा सरकलेली दिसली तर पत्र न वाचता आधी मला फोन कर. फोनवर मात्र या विषयाबद्दल अवाक्षर काढू नकोस. आमच्या जिन्यात आवाज फार घुमतो आणि खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर मशीन थांबवून ऐकतात. (मशीन थांबलं की मी बोलायचा थांबतो. मग ते मशीन चालू करतात. असं आमचं गेली नऊ वर्षं चाललं आहे.)

तर विषय असा, की आपले पाद्रीबुवा बदलले आहेत.

हसू नकोस. तुझी भावजय हसली तेवढं पुरे झालं. ती म्हणाली, “तुम्हाला रोज कुणी ना कुणी बदललेलं दिसतं. गेल्या महिन्यात दूधवाला बदलला होता.” (तो बदललाच होता! जुन्याचा भाऊ निघाला. मी त्याला पहिल्याच दिवशी कानांवरून ओळखलं, पण या घरात माझं कोण ऐकतं?)

तुला सगळा इतिहास ठाऊक आहेच, पण पुढेमागे हे पत्र पुरावा म्हणून लागलं तर गोष्टी क्रमाने असाव्यात म्हणून लिहितो. बाबा आयुष्यभर छापखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापत आणि सुट्टीच्या दिवशी तिथेच मागच्या खोलीत तांब्याच्या पत्र्यावर हौसेची चित्रं (एचिंग म्हणतात ती) कोरून त्यांचे छाप काढत. कोपऱ्यावरच्या चर्चचे पाद्रीबुवा निवृत्त व्हायचे होते तेव्हा त्यांच्या मंडळींनी बाबांकडे त्यांचं चित्र सांगितलं. लांब काळा झगा, हातात पुस्तक, गालावर चामखीळ आणि आपण केलेली चूक त्यांना आधीच कळली आहे अशी नजर. त्याच्या दोनच प्रती आपल्या घरात उरल्या. आई गेली त्या वर्षी, जायच्या आधी, तिने दोन्हींना सारख्या फ्रेमा करून एक तुला दिली, एक मला. कुणाला कुठली दिली त्यात आता शिरत नाही. ते तुला आठवत असेलच, आणि आठवत नसेल तर फारच चांगलं.

आता गेल्या वर्षीचं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठवडाभर येऊन राहिलीस, दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घातलेस, ते उपकार मी जन्मात विसरणार नाही. (आणि जाताना तुझी बॅग एवढी जड होती, डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली होती, तू स्वतः ‘राहू दे, राहू दे’ म्हणत होतीस, तरी ती मीच बसपर्यंत उचलून आणली, हे तूही विसरू नकोस.) पुढे नवा चष्मा आला, तो घालून मी खुर्चीत बसलो आणि समोरच्या भिंतीवर पाहिलं, तर पाद्रीबुवा मला अनोळखी वाटले. पूर्वी ते जरा फिकट होते, दमल्यासारखे. आता चांगले काळेसावळे, झग्याच्या घड्यांत अंधार साचलेला. तुझी भावजय म्हणाली, “डोळा नवा झालाय, मग दिसणारच.” पण नवा डोळा मलाही कळतो की! नव्या डोळ्याने सगळं उजळ दिसायला हवं. मला तुझी भावजय उजळ दिसली, भिंत उजळ दिसली, एकटे पाद्रीबुवाच काळवंडले, हे कसं?

मग मी बारकाईने बघायला लागलो. चित्राभोवती पुठ्ठ्याची आतली चौकट असते ना, माउंट म्हणतात ती. पूर्वी तिच्या आत कागदाची कोरी पट्टी दिसायची, चांगली दोन बोटं रुंद, आणि पत्रा दाबला गेल्याने कागदात उठलेली खोलगट कडही दिसायची. खऱ्या छापाची ती खूणच, बाबांनी आपल्याला लहानपणी त्यावरून बोट फिरवायला लावलं होतं. आता पुठ्ठा पार चित्राच्या आतपर्यंत आला आहे. समास गायब, कड गायब. तूच सांग, खरा माल असलेला माणूस खूण झाकेल का? म्हणजे कुणीतरी आपले खरे पाद्रीबुवा पळवून तिथे नक्कल बसवली आहे. मला घेरीच आली. (कंबर त्याच वेळी धरली.)

तू म्हणशील, मग फ्रेम उघडून का नाही पाहिली? इथेच तर सगळी गोम आहे. चार वर्षांपूर्वी मी त्या फ्रेमच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून तीवर माझी सही ठोकली आहे. (चार वर्षांपूर्वीच का, ते आत्ता विचारू नकोस.) ती पट्टी शाबूत आहे, सहीही शाबूत आहे. एवढा पक्का पुरावा आपल्याच हाताने कोण फोडेल? सही मी भिंग लावून तपासली. माझीच. उलट जरा जास्तच वळणदार आहे. ऑपरेशनच्या आधी मला धड दिसत नव्हतं, त्या मानाने मी सही फारच सुबक करत होतो म्हणायचं.

पहिला संशय साहजिकच फ्रेमवाल्यावर. हा इसम पावसाळ्याच्या आधी भिंतीतली खुंटी बदलायला आला होता आणि तुझी भावजय त्याला पाणी आणायला आत गेली तेव्हा अकरा मिनिटं खोलीत एकटा होता. (अकरा मिनिटं पाण्याला का लागली, हा वेगळा विषय आहे. तिने सांगितलं, ‘ग्लास धूत होते.’ नोंद करून ठेवली आहे.) मी त्याच्या दुकानात गेलो, खिशात मोजपट्टी. ताकास तूर लागू न देता आधी काचेच्या जाडीबद्दल बोललो, मग लाकडाबद्दल, मग एकदम विचारलं, की पाठीमागची पट्टी न फाडता पुढून चित्र बदलता येतं का? त्याने तोंडातले चार खिळे काढून हातात घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, पुढून फक्त दात काढता येतात.” हे उत्तर सरळ माणसाचं वाटतं का तुला? मी दुकानभर नजर फिरवली. भिंतीला लावलेल्या सोळा फ्रेमा उलट्या करून पाहिल्या. एकीत नवरानवरी होती, एकीत कुणाचं तरी प्रमाणपत्र, आणि एक फ्रेम उलटी करताना हातातून सुटली. पुढचं लिहीत नाही. फ्रेमवाला आणि मी आता एकमेकांशी बोलत नाही, पण ते त्याचं मन खात असेल म्हणूनही असू शकतं.

म्हणून मग मी दाबकाकांकडे गेलो. तुला आठवतात ना, छापखान्यात बाबांच्या हाताखाली दाबयंत्राचं चाक फिरवायचे ते? आता नव्वदीला टेकले आहेत, मुलीकडे मागच्या खोलीत असतात. बाबांचं लहान दाबयंत्र अजून त्यांच्याकडे आहे, त्याच्या रुळावर सध्या मोजे वाळत घालतात. चित्र घराबाहेर काढायची माझी छाती नव्हती (वाटेत कुणी अदलाबदल केली तर?), म्हणून मोबाईलवर त्याचे बावीस फोटो काढून नेले. त्यांना म्हटलं, “काका, मला फक्त एवढं सांगा, खरं एचिंग आणि नक्कल यातला फरक कसा ओळखायचा?” चूक झाली. काकांना इतक्या वर्षांत कुणी काही विचारलेलंच नव्हतं. अडीच तास बोलले.

पण ताई, ऐकण्यासारखं होतं. आपण बाबांच्या पोटची मुलं, पण आपल्याला नुसता ॲसिडचा वास तेवढा ठाऊक. पत्रा तापवून त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करायचा, मग सुईने रेघा ओढायच्या. सुई तांबं कापत नाही, फक्त मेण खरवडते. तांबं खातं ते ॲसिड, आणि तेही उघड्या रेघेपुरतंच. चेहऱ्याच्या रेघा नाजूक हव्यात, म्हणून पत्रा थोड्या वेळात बाहेर काढायचा, चेहऱ्यावर लाखेचा हात फिरवून तो झाकायचा आणि झगा एकटाच पुन्हा बुडवायचा, म्हणजे त्याच्या रेघा खोल होतात. बाबा पिसाने बुडबुडे झटकत तिथे उभे राहायचे आणि घड्याळ नसल्यामुळे तोंडाने आकडे मोजायचे. मधेच कुणी बोललं की आकडा चुकायचा, म्हणून त्या खोलीत कुणी बोलायचं नाही. (बाबा आपल्यावर रागावलेत असं मला लहानपणी वाटायचं. ते मोजत होते.) मग खाचांत शाई भरायची, वरची जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याचा, त्यावर ओलसर कागद आणि रुळाखाली दाब.

आणि छाप उलटा येतो, हे तर मला सुचलंच नव्हतं! पत्र्यावर डावं ते कागदावर उजवं. पाद्रीबुवांनी पहिला छाप पाहिला तेव्हा म्हणे तेही माझ्यासारखेच बिथरले. चामखीळ डाव्या गालावर, चित्रात उजव्या. बाबांनी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्या पुढे धरला. पाद्रीबुवा खूश, की हाच तो माणूस, याला मी रोज दाढी करताना बघतो. पण त्यांची मंडळी म्हणाली, हे आमचे पाद्रीबुवा नव्हेत, यांचा कुणी भाऊ असेल. त्यांना ते रोज समोरून दिसायचे ना! शेवटी मंडळींनी फोटोग्राफर बोलावला आणि छापांचा बेत बारगळला. म्हणजे त्या चित्रावर पहिल्या दिवसापासून संशयच घेतला गेला आहे. मी काही नवीन करत नाही.

मग मी मोबाईल पुढे केला. काकांनी फोटो डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाले, “हे तर अंगठ्याचं.” मी म्हटलं, कसला अंगठा? तर म्हणाले, झगा बघ किती काळा आला आहे, पत्रा घाईत पुसलाय, वरची शाई निघालीच नाही. असा छाप एकच. (मी ते मनावर घेतलं नाही. नव्वदीचा माणूस, मोबाईलचा फोटो, आणि शिवाय तो छाप माझ्या घरी असणं शक्यच नव्हतं, का ते खाली येईल.)

ही अंगठ्याची गोष्ट मात्र मी काकांच्याच शब्दांत लिहितो. “तुझे बाबा छापल्या कागदाला कधी बोट लावायचे नाहीत. पुठ्ठ्याच्या घडीत चिमटीसारखा धरून उचलायचे. बोट लागलेला छाप तिथल्या तिथे फाडायचा, असा त्यांचाच नियम. त्या दिवशी पत्र्याला शाई लावून झाली होती आणि तुमच्या शेजारचं कुणीतरी धापा टाकत आलं, की मुलगा झाला, बाळबाळंतीण सुखरूप. शाई लावलेला पत्रा तसाच सोडायचा नाही, म्हणून त्यांनी तो कसाबसा पुसला, दाबाखाली घातला आणि कागद उचलला तो थेट हाताने. खाली उजव्या कोपऱ्यात अख्खा काळा अंगठा! मी म्हटलं, द्या, फाडतो. तर हसत सुटले. म्हणाले, हा फाडायचा नाही, हा धाकट्याचा.”

ताई, तो धाकटा म्हणजे मी.

तुला आठवतं, आईने दोन फ्रेमा पुढे ठेवल्या तेव्हा डाग पडलेली माझ्या हातात दिली आणि मी आठ महिने तिच्याशी तुटक वागलो? स्वच्छ ते ताईला, डागाळलेलं धाकट्याला, असं माझ्या मनाने घेतलं. ती काहीतरी सांगायला बघायची आणि मी उठून जायचो. नंतर ती सांगायला राहिलीच नाही. काकांच्या खोलीत, त्या वाळत घातलेल्या मोज्यांच्या शेजारी बसून मी रडलो. काकांना वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं.

असो. पत्र फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना शेक. सहज एक विचारतो, अगदी सहज: तुझ्या बाहेरच्या खोलीत जे पाद्रीबुवा आहेत, त्यांच्या समासात खाली उजव्या कोपऱ्यात काही आहे का? बघून कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. – सहज नाही. ते चित्र घेऊन इकडे ये. कापडात गुंडाळ, मांडीवर ठेव, बसमध्ये कुणालाही धरायला देऊ नकोस. मी तुझ्या काचेला पॉलिश करून देईन. (काचेला पॉलिश करत नाहीत, हे मला माहीत आहे. दुसरं निमित्त सुचलं नाही.)

ता. क. २ – आता लिहूनच टाकतो, नाहीतर गिळलेलं पचणार नाही. चार वर्षांपूर्वी तू घराला रंग काढलास तेव्हा मी मदतीला आलो होतो. आयुष्यात कधी स्वतःचा कपही न विसळणारा मी तीन दिवस तुझ्याकडे सामान हलवत होतो आणि तू मंडळींना कौतुकाने सांगत होतीस, की धाकटा सुधारला. सुधारला नव्हता. तुझ्या भिंतीवरची सगळी चित्रं वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेली होती. माझी डागवाली फ्रेम मी बॅगेतून आणली होती ती त्यांत ठेवली आणि तुझी स्वच्छ घेऊन आलो. फ्रेमा सारख्या, तुला चित्रातलं कळत नाही, तेव्हा लक्षात येणार नाही असा माझा हिशेब. घरी येऊन मागे पट्टी लावली, सही केली, की माझ्यासारखा कुणी चोर आला तर कळावं. तुझी भावजय म्हणते ते खरं आहे: चोराच्या मनात चांदणं. जगाला पाण्यात पाहिलं आणि बाबांचा अंगठा स्वतःच्या हाताने तुझ्या घरी टाकून आलो. तुझं चित्र तुला परत देतो, नक्कल असली तर भरपाई म्हणून जे मागशील ते देतो, पण माझा डाग मला दे. हवं तर कान पीळ.

ता. क. ३ – दुसऱ्या दिवशी दुपारी. पत्र अजून टाकलं नाही, आणि टाकलं नाही ते बरं झालं. तुझी फ्रेम तुला परत द्यायची तर ती आतून नीट आहे ना बघावं म्हणून मी मनाचा हिय्या करून पट्टी फाडली. मागचा पुठ्ठा काढला, रुंद माउंट उचललं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा. सगळ्या रेघा स्वच्छ. दाबकाका खोटं बोलत नव्हते, फ्रेमवालाही नाही. (त्याच्या फुटलेल्या फ्रेमचं उद्या बघतो.) माउंटच्या आत तुझी चिठ्ठी होती. तू लिहिलेलं तुलाच पाठवतो, पुरावा म्हणून:

‘धाकट्या, पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझी वाट पाहत तीन वर्षं थांबले, स्वतःहून बोलशील म्हणून. तू काही बोलला नाहीस, म्हणून तुझ्या डोळ्याला पट्टी असताना बदलून जाते आहे. हा अंगठा तुझ्या जन्माच्या दिवसाचा आहे, आईने मला सांगितलं होतं. तू तिला सांगू दिलं नाहीस. माउंट मुद्दाम रुंद लावलं आहे. तुझा स्वभाव पाहता आठ दिवसांत उघडशील. – ताई.’

चौदा महिने लागले, ताई! ती जड बॅग मीच माझ्या हाताने बसमध्ये चढवून दिली! आणि सहीचं आत्ता ध्यानात येतंय. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं? तूच ना? जगात मी कुणावरही विश्वास ठेवला नाही, एका स्वतःच्या सहीवर तेवढा ठेवला, आणि ती तू केलेली निघाली.

आता माउंट काढून टाकलं आहे. काच लावायच्या आधी माझा अंगठा बाबांच्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला. माझा जरा जाड आहे, वळण तेच आहे. तुझी भावजय मागे उभी होती, या वेळी हसली नाही. पाठीला पट्टी लावलेली नाही. ये एकदा, चित्र न आणता ये.

ता. क. ४ – चिठ्ठी पुन्हा एकदा भिंगाखाली पाहिली. ‘ताई’मधला ‘ई’ तू असा काढत नाहीस. चिठ्ठी तूच लिहिली आहेस ना? उलट टपाली कळव, आणि पाकिटावर सही कर. तुझी.